वाक्याच्या शेवटचा ‘की’

बेळगाव

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

बोलण्यातल्या अर्थाचा अभ्यास करायचाय, कुठलं पुस्तक आधी घेऊ, असं विचारलंस. पुस्तक थांबू दे. आधी आपला ‘की’ धर.

कोशात ‘की’ म्हणजे ‘किंवा’, नाहीतर ‘तो म्हणाला की’ मधला ‘की’. काल खडेबाजारात दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणाला, “बसा की.” नुसतं ‘बसा’ म्हणजे सांगणं, ‘बसा की’ मध्ये आग्रह आला, ‘एवढी घाई कसली’ हेही आलं. मग त्यानं पोऱ्याला विचारलं, “चहा सांगितलास काय?” पोऱ्या म्हणाला, “सांगितलो की.” इथं आग्रह कुठला? कुरबुर. कधीच सांगितलं, परत काय विचारता! (ऐकलेलं टिपायला एक वही कर, त्यात ‘सांगितलो’ तसंच ठेव. कन्नडच्या ‘हेळिदे’सारखं (‘मी सांगितलं’) त्याचं रूप बोलणाऱ्याप्रमाणं, म्हणजे ‘मी’प्रमाणं, बदलतं. पुण्याची मंडळी ते सुधारून ‘सांगितलं’ करतील. सुधारू देऊ नकोस.)

आपल्या शास्त्रकारांना हे जुनंच ठाऊक. ‘सैन्धव आण’ हे जेवताना म्हटलं तर मीठ, प्रवासाला निघताना म्हटलं तर घोडा. ‘सूर्य मावळला’ ऐकून कुणी गुरं वळवतो, कुणी संध्येला बसतो, हे काव्यशास्त्रकार मम्मटानं ११व्या शतकात लिहून ठेवलंय.

भाषेचा विचार करणारा तत्त्वज्ञ पॉल ग्राइस, त्याचा १९७५ साली छापलेला निबंधही वाच. त्यात एकजण म्हणतो पेट्रोल संपलं, दुसरा नुसतं म्हणतो कोपऱ्यावर गॅरेज आहे, आणि पहिल्याला कळतं, तिथं पेट्रोल मिळेल. तू त्याजागी आपला स्टँड घाल. “निपाणीची गाडी गेली काय?” “आत्ताच धूळ बसली बघा.” गाडीचं नावही नाही, पण विचारणारा पिशवी खाली ठेवतो. का ठेवतो, ते चार ओळींत लिहून काढ. अवघड जाईल.

वहीत नुसतं वाक्य उतरवलंस तर उपयोग नाही. कोण, कुणाला, कशानंतर बोललं, हे शेजारी लिही. मला हे उशिरा कळलं. आमची कन्नड शेजारीण एकदा म्हणाली, “उद्या आम्ही सौंदत्तीला जायचं.” मी म्हटलं, “जाऊन या की!” बाई दोन दिवस बोलल्या नाहीत. कन्नडमध्ये ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्हींना एकच ‘नावु’. त्या मला बरोबर बोलवत होत्या.

दिवाळीला येशील तेव्हा वही घेऊन ये.

तुझे,
सर