मुक्या रुग्णाचं दुखणं कसं ओळखायचं? वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : आईला स्मृतिभ्रंश आहे. कुठे दुखतंय हे तिला सांगता येत नाही. पशुवैद्यक तर रोजच न बोलणारे रुग्ण तपासतात. त्यांची पद्धत इथे उपयोगी पडेल का?

हो, आणि ती घरीही वापरता येते. मांजराचं दुखणं पशुवैद्यक चेहऱ्यावरून मोजतात. कानांची ठेवण, डोळे किती मिटलेत, तोंडाभोवतीचा ताण, मिशा आणि डोकं खांद्यांच्या वर आहे की खाली, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण. दहापैकी चार झाले की वेदनाशामक द्यायचा विचार करायचा. त्याआधी अर्धा मिनिट हात न लावता नुसतं बघायचं. कुत्र्याच्या बाबतीत आणखी एक पायरी असते. जखमेपासून दोन इंचांवर हलकेच दाबायचं आणि तो वळून बघतो, दचकतो, गुरगुरतो की चावायला येतो, ते नोंदवायचं.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी ‘पेनॅड’ नावाची याच धर्तीची मोजपट्टी आहे. श्वास, कण्हणं-ओरडणं, चेहरा, शरीराची हालचाल आणि समजूत घातल्यावर शांत होणं, या पाच गोष्टींना ० ते २ गुण द्यायचे; त्रास जितका जास्त दिसेल, तितके गुण जास्त. पाच मिनिटं निरखून मगच गुण लिहा. निवांत पडलेल्या आईचे गुण शून्य येतील आणि कूस बदलताना पाच येतील, म्हणून कूस बदलताना, उभं करताना, आंघोळ घालताना वेगळी नोंद ठेवा. शक्यतो एकाच माणसाने मोजावं. तिचं नेहमीचं वागणं आधी लिहून ठेवलेलं असेल, तर बदल लगेच कळतो.

गुण वाढले म्हणजे दुखतंच आहे, असं नाही. भूक, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, ओला डायपर हे आधी तपासा. मग नोंद डॉक्टरांना दाखवा. त्यांनी वेदनाशामक दिलं, तर गोळीनंतर साधारण तासाभराने तीच हालचाल करवून पुन्हा मोजा.

सर्वांत जास्त नुकसान एका चुकीने होतं. चिडचिड हा आजाराचाच भाग समजून शांत करणारं औषध सुरू होतं. रुग्ण गप्प पडून राहतो, गुण उतरतात आणि दुखणं मात्र तसंच राहतं. माणसाला जे दुखेल ते जनावरालाही दुखणार, असं धरून चांगला पशुवैद्यक शस्त्रक्रियेआधीच वेदनाशामक देतो. हाडाला चीर किंवा पाठीला जखम असलेल्या आजीच्या बाबतीतही सुरुवात इथूनच व्हायला हवी.

प्रश्न : आमच्या कुत्र्याला हृदयविकार आहे. झोपेतले श्वास मोजायला सांगितलंय. वडिलांचं हृदयही कमकुवत आहे, पण त्यांच्या बाबतीत हे कुणी सांगितलं नाही. का?

श्वास मोजण्याकडे माणसांच्या दवाखान्यांत फार दुर्लक्ष होतं. छाती न बघताच आकडा लिहिण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. गाढ झोपलेल्या कुत्र्याचे श्वास वारंवार मिनिटाला ३०च्या वर जाऊ लागले, तर फुप्फुसांत पाणी साचत असण्याची शक्यता असते. प्रौढ माणसाचे विश्रांतीत १२ ते २० असतात. वडिलांना न सांगता मोजा, कारण लक्ष गेलं की श्वास बदलतो. छाती वर येऊन खाली गेली की एक. पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंदांत एका श्वासाची चूक झाली, तर चारने गुणल्यावर ती चारची होते. नेहमीपेक्षा आकडा चढत राहिला तर डॉक्टरांना कळवा. विश्रांतीतही २५ किंवा जास्त असेल, तर वाट पाहू नका.

प्रश्न : गुरांच्या आजारातून माणसांसाठी औषध मिळालं, हे खरं का?

खरं आहे. १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत शिंगं कापल्यावर गुरं रक्तस्रावाने मरत होती. कॅनडातले पशुवैद्यक फ्रँक स्कोफिल्ड यांनी जंतूंइतकाच चाऱ्याचाही विचार केला. स्वीट क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाच्या एकाच गंजीतले चांगले आणि बुरशी लागलेले देठ वेगळे करून त्यांनी सशांना घातले. बुरशीचे खाणारा ससा रक्तस्रावाने मेला. पुढे त्या चाऱ्यातलं द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि त्यावरूनच वॉरफरिन तयार झालं. ते आधी उंदीर मारायला वापरलं गेलं आणि १९५४पासून माणसांत रक्ताच्या गुठळ्या रोखायला.

प्रश्न : मग जनावरांचं औषध कमी मात्रेत घेतलं तर चालेल?

अजिबात नाही. यकृत प्रत्येक प्राण्यात वेगळं काम करतं. आपल्याला चालणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.