डीएनए तपासून खरं-खोटं कळतं का? तीन प्रश्न, तीन उत्तरं

या पंधरवड्यात आमच्या कृषी विज्ञान केंद्राकडे आलेल्या तीन प्रश्नांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. काटोलकडचे एक संत्रा बागाईतदार, हिंगणघाटकडचे एक कपाशी उत्पादक आणि नागभीड तालुक्यातल्या एक ताई या तिघांनीही विचारलं आहे की डीएनए तपासून घेता येतो का. येतो. पण कशासाठी, कोणत्या भागाचा आणि कोणत्या वेळी, हे ठरल्याशिवाय तपासणीवर पैसे घालू नका.

काटोलचे भाऊ लिहितात: "साहेब, एकाच रोपवाटिकेतून कलमं आणली, आता सहा वर्षं झाली. काही झाडं जोमात, काही बुटकीच राहिली, काही डिंक्यानं (खोडातून डिंक गळण्याच्या रोगानं) गेली. कलमं बोगस हायेत काय?"

भाऊ, कलम म्हणजे दोन झाडं जोडलेली असतात. वर डोळा, म्हणजे फांदीवरची फुटणारी कळी, नागपुरी संत्र्याचा; खाली खुंट, म्हणजे मुळांकडचं झाड, जंबेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा. सगळे डोळे एकाच चांगल्या मातृवृक्षावरचे असतील तर वरचा भाग सगळ्या झाडांत सारखाच असतो. म्हणून बागेत असा फरक दिसला की आधी खुंटाकडे पाहावं. जंबेरीच्या एका बीमधून बऱ्याचदा दोन-तीन रोपं उगवतात. त्यातली बहुतेक आईच्याच पेशींपासून तयार झालेली, म्हणजे हुबेहूब आईसारखी असतात. एखादं मात्र परागीकरणातून आलेलं, बापाचेही गुण घेतलेलं असतं. ते रोप रोपवाटिकेतच ओळखून काढून टाकावं लागतं: फार बारकं, एकदम उंच गेलेलं, पानाचा आकार निराळा असलेलं. ज्यानं हे काम मन लावून केलं नाही त्याच्या कलमांत खुंट मिसळून येतात. वरून झाड संत्र्याचंच दिसतं, फरक कळायला पाच-सहा वर्षं जातात आणि तोवर जमीन, पाणी, मजुरी सगळं लागून गेलेलं असतं. संत्रा पट्ट्यातल्या शेतकऱ्याचं हे सगळ्यात महागात पडणारं नुकसान आहे असं मला वाटतं.

खुंट एकसारखा आहे की मिसळलेला, हे मार्करनं कळतं. डीएनएमध्ये ठरावीक जागी दोन-तीन अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा आलेला असतो. एका झाडात तो बारा वेळा, दुसऱ्यात सतरा वेळा. अशा जागांना एसएसआर मार्कर म्हणतात. प्रयोगशाळेत कोवळं पान वाटून डीएनए वेगळा काढतात, पीसीआर यंत्रात तेवढ्याच जागेच्या तीसेक फेऱ्यांत असंख्य प्रती करतात आणि जेलमध्ये वीज सोडून त्या पुढे सरकू देतात. लहान तुकडा लांब जातो, मोठा मागे राहतो. दिव्याखाली पट्टे दिसतात. आईसारख्या रोपाचे पट्टे सगळ्या जागी आईशी जुळतात, परागीकरणातून आलेल्या रोपात काही जागी परका पट्टा निघतो. मार्कर हे शेताच्या हद्दीच्या दगडांसारखे आहेत. शेत कोणाचं ते दगडावरून कळतं, जमिनीचा कस कळत नाही. झाड किती फळं देईल, हे अशा तपासणीचा कागद सांगणार नाही.

आता नमुन्याचं. वरच्या फांदीचं पान पाठवाल तर अहवाल संत्र्याचा येईल, सगळी झाडं सारखीच निघतील आणि तुमचा प्रश्न जागच्या जागी राहील. जोडाच्या खाली, खुंटावर फुटलेल्या फुटव्याचं पान घ्या. ते चुरगाळून वास घ्या, जंबेरीचा लिंबासारखा वास संत्र्याच्या पानाहून लगेच वेगळा कळतो. फुटवा नसेल तर जोडाखालची साल किंवा मुळी लागते. चांगलं झाड आणि बिघडलेलं झाड, दोन्हींचे नमुने वेगळ्या पिशवीत, झाडाचा क्रमांक टाकून द्या. नमुना कुठे आणि कसा द्यायचा हे नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्थेला आधी विचारून घ्या.

पण भाऊ, हे सगळं करण्याआधी एक काम करा. मेलेल्या आणि बुटक्या झाडाच्या बुंध्याजवळची माती हातानं बाजूला सारा. कलमाचा जोड मातीखाली गेलेला दिसला, किंवा पाणी खोडाला लागून थांबत असेल, तर डिंक्याचं कारण तिथेच आहे. डिंक्या फायटोफ्थोरा बुरशीनं होतो. तिला भारी काळी जमीन आणि साचलेलं पाणी फार मानवतं, मग खुंट कितीही अस्सल असो. दुहेरी आळं करा, खोडाभोवती एक आणि त्याबाहेर पाण्यासाठी दुसरं, म्हणजे खोडाला पाणी लागणार नाही. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी या प्रमाणात बोर्डो मलम करून पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर खोडाला एक मीटर उंचीपर्यंत लावा. ग्रीनिंग किंवा ट्रिस्टेझा या रोगांची शंका असेल तर तपासणी निराळी असते. तिच्यात झाडाचा वंश पाहत नाहीत, झाडात रोगजंतू आहे का ते पाहतात. मागताना स्पष्ट सांगा.

तुमच्या पत्रात शेवटी आहे की एका झाडाच्या एकाच फांदीला बिया जवळजवळ नसलेली संत्री लागतात. ती फांदी तोडू नका! डोळ्यात आपोआप झालेला असा बदल कधीकधी नव्या वाणाचं मूळ ठरतो. मार्कर तपासणीत ती फांदी बाकी झाडासारखीच दिसण्याची शक्यता जास्त, कारण बदल डीएनएतल्या एखाद्या बारीक जागी असतो आणि आपण तपासतो त्या जागा दुसऱ्या असतात. म्हणून इथे डोळ्यांनी पाहिलेलंच कामी येतं. फांदीला खूण बांधा, दोन-तीन बहारांची फळं कापून बिया मोजा, वहीत लिहा आणि आम्हाला कळवा.

नवी लागवड करताना नोंदणीकृत रोपवाटिकेतूनच कलमं घ्या. जोड जमिनीपासून निदान नऊ इंच वर असावा. पावतीवर खुंटाचं नाव लिहून मागा. देत नसेल तर दुसरीकडे जा.

हिंगणघाटच्या भाऊंचा प्रश्न: "बीटी म्हणून पाकीट घेतलं, तरी बोंडात अळी निंगाली. बियाणं बोगस धरून तक्रार करू काय?"

नुसत्या अळीवरून नको. बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारं प्रथिन स्वतः तयार करणारी कपाशी. पानाचा तुकडा छोट्या नळीत द्रावणात चेचून त्यात पट्टी बुडवली की दहा-पंधरा मिनिटांत बीटी प्रथिन आहे की नाही ते कळतं. ही पट्टी संकर कोणता ते सांगत नाही. त्यासाठी एसएसआर लागतात: खऱ्या संकरित रोपात आई आणि बाप दोघांचेही पट्टे दिसतात, भेसळीच्या रोपात एखादा गायब किंवा तिसराच असतो. पट्टीवर प्रथिन निघालं आणि अळी गुलाबी असेल, तर दोष बहुधा पाकिटाचा नाही. आपल्याकडे गुलाबी बोंडअळीनं बोलगार्ड 2 या बीटी कपाशीतल्या दोन्ही प्रथिनांना दाद देणं सोडलं आहे. भारतातल्या प्रतिकारक अळ्यांत कॅडहेरिन नावाच्या जनुकात बदल झालेले शास्त्रज्ञांनी पाहिले आहेत. म्हणजे वेगळेपण अळीतही आहे आणि ते आपल्या विरोधात जातं. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा. एका सापळ्यात रोज आठ पतंग सलग तीन रात्री आले तर फवारणीचा निर्णय घ्या. फरदड, म्हणजे वेचणीनंतरही तेच पीक पुढे राखणं, ठेवू नका, डिसेंबरअखेर शेत मोकळं करा.

तक्रार करायचीच असेल तर बिल, पिशवी, टॅग आणि पाकिटातलं मूठभर बी जपून ठेवलेलं असलं पाहिजे. पीक उभं असतानाच तालुका तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज द्या म्हणजे पंचनामा होईल. उपटून टाकलेल्या शेताचा पंचनामा कोणी करू शकत नाही.

नागभीडच्या ताईंकडे सासूबाईंपासून आलेलं एक सुवासिक धान आहे. ते दुसऱ्या कोणी आपल्या नावावर केलं तर काय, ही त्यांची काळजी.

ताई, तुमच्याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1983 साली पटेल 3 धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या हेरून एचएमटी वाण निवडला. धानाची पारख आपल्या भागात शेतकऱ्यांच्याच घरात आहे. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्यांचं वाण शेतकऱ्याच्या नावानं नोंदवता येतं आणि त्याची फी शेतकऱ्याला लागत नाही. नोंदणीसाठी वाण वेगळं, एकसारखं आणि टिकणारं आहे हे शेतातल्या लक्षणांवरून दाखवावं लागतं: उंची, लोंबीची लांबी, कुसळ, दाण्याचा रंग, पक्व व्हायचे दिवस. मार्करची मदत दुसऱ्यांच्या धानाशी नातं किती हे पाहायला होते. यंदा रोवणीला थोडी जागा वेगळी ठेवा, बाकीच्या धानापासून अंतर राखा, वेगळी दिसणारी रोपं लोंबी धरण्याआधी काढा. ही लक्षणं तारखेसह लिहून ठेवा. बी घरात एकाच ठिकाणी नको, थोडं माहेरी किंवा शेजारी द्या. कापणी झाली की किलोभर साफ बी आणि ती वही घेऊन कृषी विज्ञान केंद्रात या. अर्ज भरायला आम्ही बसू, आणि एक नमुना अकोल्याच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन केंद्राकडे जतनासाठी द्यायचं पत्रही सोबत करू.