पुण्याच्या उत्सर्जनाचा अंदाज बांधताना

आधी एक गैरसमज काढून टाक: एसएसपी५-८.५ (जगाचं उत्सर्जन पुढे कसं बदलेल याच्या कल्पित चित्रांपैकी एक) म्हणजे सगळ्यात वाईट हवा, असं नाही. त्यात कार्बन डायऑक्साइड बेसुमार वाढतो, पण प्रदूषण नियंत्रण कडक धरलेलं असल्याने सल्फर डायऑक्साइड आणि काजळी पुढे बरीच घटतात. हवेची खरी काळजी एसएसपी३-७.० या दुसऱ्या चित्रात, तिथे नियंत्रण ढिलं आहे.

पुण्यासाठी वाहनसंख्या, त्यांचं धावणं आणि दर किलोमीटरचं उत्सर्जन यांचा गुणाकार गटागटाने कर. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ (वाहनांच्या धुराचं कडक भारतीय मानक) दुचाकी आणि जुना डिझेल टेम्पो एकाच आकड्यात कोंबू नकोस. रस्त्यावरची धूळ वेगळी धर. इलेक्ट्रिक बसही ती उडवतेच. आणि जागतिक ग्रिडचा, म्हणजे जगाच्या नकाशावर चौकटी पाडून दिलेला आकडा थेट हडपसरला चिकटवू नकोस, अक्षांश-रेखांशाच्या ०.५ अंशाची चौकट सुमारे ५० किलोमीटरची असते.