दुसऱ्या महायुद्धात रडारच्या मदतीने टाकलेले बॉम्ब नेमके पडले का, हे कसं तपासत?

मुख्यतः हवाई छायाचित्रांवरून. ब्रिटिशांच्या ऑगस्ट १९४१ च्या बट अहवालाने रात्रीच्या हल्ल्यांचे फोटो तपासले, तेव्हा 'लक्ष्यावर बॉम्ब टाकले' म्हणणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश पाच मैलांच्या आत पोहोचलेली निघाली. वैमानिक खोटं बोलत नव्हते. अंधारात त्यांना खरंच तसं वाटत होतं.

पुढे 'ओबो' ही रडारने विमानाला वाट दाखवणारी यंत्रणा आली. यात इंग्लंडमधलं एक केंद्र विमानाला ठरावीक अंतराच्या कमानीवर ठेवी आणि दुसरं बॉम्ब सोडण्याचा क्षण कळवी. त्याची पहिली परीक्षा २० डिसेंबर १९४२ ला नेदरलँड्समधल्या लुटराडे वीजकेंद्रावर झाली. सहा मॉस्किटो विमानं निघाली, तिघांची यंत्रणा बंद पडली. उरलेल्या तिघांनी बॉम्ब टाकले, पण फोटोत आपले खड्डे कुठले हेच ओळखता येईना! ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या आखेनवर निघालेल्या विमानांनी चुकून तिथेच बॉम्ब टाकले होते, त्या खड्ड्यांनी परिसर आधीच भरला होता. जुन्या चुकीने नव्या यंत्राची चाचणी बुडवली. मला या विषयातली सर्वांत बोलकी घटना हीच वाटते, कारण त्या खड्ड्यांच्या जागी डच लोकांची घरं होती.