आजींना द्यायचं राहिलेलं उत्तर

पत्र: मावशी, मी 27 वर्षांचा, ठाण्याचा बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. आयटीत नोकरी करतो. आमचे हजान (प्रार्थना म्हणवणारे) आजारी असले की शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाची, प्रार्थना मी म्हणतो. मागच्या महिन्यात एका आजींकडे त्यांच्या यजमानांच्या वर्षाच्या प्रार्थनेला गेलो होतो. आम्ही सातच पुरुष जमलो. आजी म्हणाल्या, "कद्दीश म्हण रे." कद्दीश ही गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना. मी सांगितलं, दहा पुरुष नाहीत, म्हणता येणार नाही. त्या "बरं" म्हणाल्या आणि फळांचं ताट झाकून ठेवलं. त्यांच्या तीन मुली भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या रात्रीपासून नोकरी सोडून रब्बाय (ज्यू धर्मगुरू) व्हायला शिकावं, असं डोक्यात बसलंय. बाबा म्हणतात, "सगळे इस्रायलला गेले, तू रब्बाय कुणाचा होणार? आणि ज्यांनी आपल्या लग्नांवर संशय घेतला, त्यांच्याच दारात जाणार?" काय करू?

उत्तर: बाळा, आजींना तू सांगितलंस ते चूक नव्हतं. तुझ्या सिनेगॉगचा, म्हणजे प्रार्थनाघराचा, नियम तोच आहे. तरी तुला झोप लागली नाही, आणि मला वाटतं तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या न लागलेल्या झोपेतच आहे.

माझे वडील अलिबागला हजानाचं काम करायचे. त्यांच्या सिद्दूरच्या (प्रार्थनेच्या पुस्तकाच्या) समासात शिसपेन्सिलीने मराठीत उच्चार लिहिलेले होते, कुठे सूर वर न्यायचा तिथे छोटी रेघ. लहानपणी मी एका शब्दाचा अर्थ विचारला, तर म्हणाले, "बाय, उच्चार चुकू नये हे माझं काम. अर्थ शिकवायला मला कुणी भेटलं नाही." हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला होता. आपला समाज अशाच माणसांनी टिकवला. जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या आपल्या पूर्वजांची, त्या सात जोडप्यांची, गोष्ट तुला ठाऊक आहे. पोथ्या बुडाल्या, तोंडात 'शमा इस्रायल' ही एकच प्रार्थना राहिली. पुढे दावीद रहाबी नावाच्या ज्यू माणसाने तीन घरांतली माणसं शिकवून तयार केली, त्यांचे काजी झाले. ते गावोगाव फिरून लग्नं लावत, तंटे मिटवत. रब्बायशिवाय आपण पिढ्यान् पिढ्या ज्यू राहिलो. तेव्हा 'समाज वाचवायचा' म्हणून जाणार असशील तर जाऊ नकोस. त्यासाठी चांगला हजान हो. ते नोकरी सांभाळून जमतं आणि ठाण्याला त्याची आज गरज आहे.

पण तुझ्या पत्रात सुराबद्दल, प्रार्थनेच्या गोडीबद्दल एक ओळही नाही. आहे तो एका बाईचा प्रश्न आणि तुला न सुचलेलं उत्तर. रब्बायचं मुख्य काम तेच असतं. लोक प्रश्न घेऊन येतात, आणि आधीच्या हजारो उत्तरांतून त्या माणसाचं उत्तर शोधून द्यायचं असतं.

आता त्या तीन मुलींकडे बघ. सात आणि तीन दहा. लंडनच्या लिओ बेक कॉलेजात, जे 1956 मध्ये सुरू झालं आणि जिथे सुधारक ज्यू पंथाचे रब्बाय शिकतात, बायकांनाही मिनियानमध्ये, म्हणजे प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांत, धरतात, बायका रब्बायही होतात. जेरुसलेमच्या एखाद्या सनातनी येशिवात (धर्मपाठशाळेत) तू शिकलास तर सात ते सातच. आपल्याकडेही दुसरी वाट नवी नाही. डॉ. जेरुशा झिराड लंडनला शिकून आल्या आणि 1925 मध्ये त्यांनी मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन ही सुधारक पंथाची संस्था उभी केली. म्हणून कुठे शिकायचं हे फी आणि व्हिसावरून ठरवू नकोस. त्या खोलीत उभा राहून तुला कोणतं उत्तर मनापासून देता आलं असतं, त्यावरून ठरव. मात्र लंडनहून आलास तर तुझंच सिनेगॉग तुला रब्बाय मानेल असं धरून चालू नकोस. ते दुखेल.

बाबांचा राग खरा आहे, तो उडवून लावू नकोस. साठच्या दशकात इस्रायलमधल्या रब्बायांनी आपल्या लग्नांना आडकाठी केली. आपली माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली, तेव्हा 1964 मध्ये क्नेसेतने (इस्रायलच्या संसदेने) ठराव करून आपण सर्वार्थाने ज्यू आहोत हे सांगितलं. बाबांना एवढंच म्हण, की त्या वेळी त्या टेबलापलीकडे आपला एखादा शिकलेला माणूस असता तर बरं झालं असतं. पोटापाण्याचं त्यांचं म्हणणंही बरोबर आहे. पगारी रब्बाय ठेवण्याची ऐपत इथल्या कुठल्याच मंडळीत मला दिसत नाही.

म्हणून राजीनामा आत्ता नको. वर्षभर रोज पहाटे तासभर बस. हिब्रू पक्की कर, मग अरामी, कारण गमाराची, म्हणजे मिश्नावरच्या जुन्या चर्चांची, बरीच भाषा तीच आहे. सुरुवात मिश्ना या जुन्या नियमसंग्रहातल्या बराखोथ या भागापासून कर. पहिलंच वाक्य प्रश्न आहे: संध्याकाळची शमा कधीपासून म्हणायची? आपल्या पूर्वजांनी जपलेली तीच शमा! एक म्हणतो पहिल्या प्रहरापर्यंत, इतर विद्वान म्हणतात मध्यरात्रीपर्यंत, रब्बान गमलिएल नावाचा विद्वान म्हणतो पहाट होईपर्यंत. मग त्याचीच मुलं मेजवानीहून उशिरा घरी येतात आणि सांगतात, आमची शमा राहिली. तो रागावत नाही. उजाडलं नसेल तर म्हणायलाच हवी, असं सांगतो, आणि मध्यरात्रीची मर्यादा माणसाकडून चूक होऊ नये म्हणून घातली होती, हेही समजावतो. हे वाचताना जीव रमला, दुसऱ्या दिवशी घड्याळाआधी जाग आली, तर अर्ज कर. पहिल्या दोन महिन्यांत कंटाळा आला तर हजान हो, त्यात कमीपणा काहीच नाही.

आणि शिकशील ते मराठीत सांगता येईल असं शिक. पुण्यात 1874 मध्ये छापलेल्या मराठी हगादात (वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या पुस्तकात) मात्झा, म्हणजे बिनखमिराची भाकरी, करणाऱ्या बायका साडीत आहेत. ज्याने ते चित्र काढलं, त्याला आपण कोण हे ठाऊक होतं.

येत्या शनिवारी आजींना सिनेगॉगमध्ये घेऊन ये. दहाव्या माणसाची सोय आधीच फोन करून ठेव. त्यांच्या यजमानांच्या नावाने कद्दीश म्हण, आणि तिघी मुलींनाही बोलव.

तुझी मावशी