भिंत आमची, मग परवानगी कशाला?

प्रश्न : नेरूळमधल्या आमच्या सोसायटीची रस्त्याकडची कुंपणभिंत (60 फूट लांब, 8 फूट उंच) मुलांना चित्रांनी रंगवायची आहे. भिंत आमचीच, तरी परवानगी लागते का? पुढे कमिटीने चित्र पुसलं तर?
– एक वाचक

उत्तर : भिंत तुमची, पण तिचा दर्शनी भाग येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर आहे. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, 1995 अशाच जागांसाठी आहे. म्हणून सोसायटीचा ठराव, भिंतीचा फोटो आणि मापासह रंगीत कच्चं चित्र जोडून महापालिकेच्या विभाग कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्या. शेजारची भिंत किंवा पुलाचा खांब तुमच्या ठरावात येत नाही. तो सिडकोचा, पालिकेचा की रेल्वेचा, हे आधी विचारा. चित्रात प्रायोजकाचं नाव आलं की ती जाहिरात धरली जाते. ते टाळाच.

काम बिघडतं ते बहुतेक वेळा ओलीमुळे. फूटभर चौरस प्लास्टिक चारही कडांनी चिकटवून 24 तास ठेवा. आतून थेंब दिसले तर थांबा, नाहीतर पोपडे धरतील. बागेची माती आतून भिंतीला टेकली असेल तर ती हटवल्याशिवाय ओल जाणार नाही. सुटलेला रंग खरवडा, शेवाळ ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासून धुवा, भिंत पूर्ण वाळू द्या. भेगांना बाहेरच्या कामाचीच पुट्टी. घरातली पावसात फुगते. 480 चौरस फुटांना प्राइमरचा एक हात साधारण 5 लिटर, पार्श्वभूमीला एक्स्टिरिअर इमल्शनचे (बाहेरच्या भिंतींच्या रंगाचे) दोन हात 9 ते 10 लिटर. दोन हातांमध्ये किमान चार तास जाऊ द्या. खालचा फूटभर पट्टा गडद आणि कोरा ठेवा. चिखल तिथेच उडतो. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका.

चित्रकाराला मोबदला दिलात आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइट सोसायटीचा. फुकट काढलं तर चित्रकाराचाच. पण कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 चा हक्क, म्हणजे चित्राची मोडतोड होऊन आपल्या नावाला बट्टा लागला तर दाद मागण्याचा हक्क, दोन्ही वेळा चित्रकाराकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं भित्तिशिल्प 1979 मध्ये काढून टाकलं गेलं. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष त्यांना परत देण्याचा आणि 5 लाख रुपये भरपाईचा आदेश सरकारला दिला. तेव्हा चित्र किती वर्षं राहील, डागडुजी कोण करेल, पुसण्याआधी किती दिवस कळवायचं, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.

आणि कच्चं चित्र आठवडाभर गेटबाहेर लावा. समोर रोज बसणारे भाजीवाले, शाळेत जाणारी मुलं यांना काय वाटतं, ते विचारून मगच रंग आणा. सभासदांपेक्षा ती भिंत तेच जास्त बघणार आहेत.