जॅक रसेलची पिल्लं घरासाठी, घुशींसाठी की शोसाठी?

प्रश्न: ताई नमस्कार. आमचं सांगलीजवळ गुळाचं गोदाम आहे, तिथे घुशींचा फार त्रास. आमची जॅक रसेल जातीची कुत्री चिमणी, वय १३ महिने, तिने एकटीने कितीतरी घुशी मारल्यात. मित्राकडे शोमध्ये बक्षीस मिळालेला नर आहे, तो म्हणतो पिल्लं घुशी पण धरतील आणि शोला पण चालतील, अर्धी तुझी अर्धी माझी. बायकोचं म्हणणं घरात लहान पोरं आहेत, शांत पिल्लं हवीत. चिमणी आत्ता हीटवर (माजावर) आहे, नर लावू का?

उत्तर: दादा, आत्ता नको, या हीटला तिला बांधून ठेवा आणि मित्राच्या नराला लांब ठेवा. विक्रीसाठी ब्रीडिंग करायचं तर २०१७ चे केंद्राचे नियम आहेत, मादी १८ महिन्यांची पूर्ण पाहिजे, राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नियम बाजूला ठेवले तरी १३ महिन्यांची पोर अजून स्वतःच वाढतेय हो.

आता तिन्ही एका वेतात जमेल का. हे भांडण तुमच्या घरातलं नाही, खूप जुनं आहे. ज्यांच्या नावाने ही जात ओळखली जाते ते जॉन रसेल इंग्लंडमधल्या डेव्हनचे पाद्री (१७९५ ते १८८३), ऑक्सफर्डला शिकत असताना १८१९ मध्ये त्यांनी एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची पांढरी कुत्री घेतली आणि तिथून त्यांचा वंश सुरू झाला. त्यांना हवा होता घोड्यांबरोबर पळेल, कोल्ह्याच्या बिळात शिरेल आणि कोल्ह्याला न मारता बाहेर हाकलेल असा कुत्रा. गंमत म्हणजे ते स्वतः १८७३ च्या केनल क्लबच्या (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी, शो भरवणारी तिथली संस्था) पहिल्या सभासदांपैकी, शोमध्ये जज म्हणून पण बसले, पण स्वतःची कुत्री काही शोला नेली नाहीत. पुढे शिकारीच्या कामासाठी ही कुत्री पाळणाऱ्यांनी १९७४ मध्ये वेगळा क्लब काढला, शो सुरू झाले की कुत्रा बिघडतो म्हणून. केनल क्लबने याच वंशातल्या उंच पायांच्या पार्सन रसेलला १९९० मध्ये जात म्हणून मान्यता दिली आणि बुटक्या जॅक रसेलला थेट २०१६ मध्ये.

पण एका गोष्टीवर कामाची कुत्री पाळणारे आणि शोवाले दोघांचं एकमत आहे, ती म्हणजे छाती. पुढच्या पायांच्या मागून दोन्ही हातांच्या पंजांनी छाती धरली की बोटं एकमेकांना टेकली पाहिजेत, घेर साधारण ४० ते ४३ सेंटिमीटर. पिंपासारखी छाती असली तर बिळात अडकणार. मित्राच्या नराला असं धरून बघा, बक्षिसाचा कप बघून काही कळत नाही.

वहिनींचं म्हणणं मात्र मी सगळ्यात वर ठेवीन. वेतातली बहुतेक पिल्लं शेवटी कुणाच्या तरी घरातच जाणार, फ्लॅटमध्ये पण. शांत जॅक रसेल असं काही नसतं, भुंकणार, कुंडीतली माती उकरणार, पण अनोळखी माणसाने हात लावला तर चावत नाही आणि घुशीमागे असताना हाक मारली की परत येते, अशी आई निवडता येते. चिमणी येते का परत?

शिवाय दोघांची डीएनए टेस्ट करा, गालाच्या आतून बोळा फिरवून नमुना घेतात. या जातीत डोळ्याची लेन्स जागेवरून सरकायचा आजार आहे, उपचार झाला नाही तर आंधळेपण येतं, आणि तो बऱ्याचदा ३ ते ८ वर्षांच्या वयात दिसतो म्हणजे तोवर कुत्रीची वेतं होऊन गेलेली असतात. दोघं कॅरियर (स्वतः सहसा आजारी नाहीत, पण दोष पिल्लांकडे जाऊ शकतो) असतील तर प्रत्येक पिल्लाला आजाराची शक्यता चारात एक. तोल जाणारा अटॅक्सिया पण याच टेस्टमध्ये तपासून घ्या.

आणि गोदामात विष ठेवत असाल तर आजच उचला, विष खाल्लेली घूस चिमणीने खाल्ली तर तिच्या पोटात जाणार. लेप्टोची लस दरवर्षी चुकवू नका, घुशीच्या मुतातून हा रोग कुत्र्याला होतो आणि माणसाला पण.

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. शेपूट कापलेलं जॅक रसेल पिल्लू मिळतंय, विकणारा म्हणतो शोला पण चालेल. घेऊ का?

उत्तर: ताई, इंग्लंडमध्ये शेपूट कापायला बंदी आहे, सूट फक्त कामाच्या कुत्र्यांना आणि तेही डॉक्टरने पहिल्या ५ दिवसांत कापलं तरच, त्याचं सर्टिफिकेट असतं ते मागा. आणि ६ एप्रिल २००७ नंतर कापलेलं असेल तर ज्या शोला लोक तिकीट काढून येतात तिथे ते उभंच करता येत नाही, म्हणजे माणूस एकतर अडाणी आहे नाहीतर थापा मारतोय. पिल्लू आईजवळ बघायला मिळत नसेल तर पैसे देऊ नका, बाकी गोड दिसतंय वगैरे सगळीच दिसतात.